शेजाऱ्याचा राब

ती घटना अजून मनातून जात नाही. खरं तर घटना म्हणावी इतकी ती मोठीही नव्हती. खून नाही, दरोडा नाही. एका शेतातला गवती मांडव भरदुपारी जळाला, एवढंच. मी निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी भाषणांत माझे गाजलेले तपास मोजून दाखवले. त्यात हे प्रकरण नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. मी मूळचा घाटावरचा. ज्वारी-बाजरीतला माणूस. इथलं भात, इथलं जंगल, इथल्या वाड्या मला नव्या होत्या. त्या वर्षी उन्हाळ्यात तहसील कार्यालयातून एक अर्ज ‘अभिप्रायार्थ’ आमच्याकडे आला. धसईच्या पलीकडच्या एका गावातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या खासगी जमिनीवर शहरातल्या लोकांसाठी ग्रामीण कार्यक्रम करायचे होते. लग्नं, वाढदिवस, चुलीवरचं जेवण, शेतीची ओळख. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि पोलिसांचा ना हरकत दाखला. माणूस चाळिशीचा. कल्याणला राहून एका कंपनीत नोकरी केलेला, कंपनी बंद पडल्यावर गावी परतलेला. नावं घ्यायची नाहीत असं ठरवूनच लिहायला बसलोय, तेव्हा त्याला अर्जदारच म्हणू.

ग्रामसभेला मी एक शिपाई घेऊन बंदोबस्ताला गेलो. शाळेच्या पडवीत गाव जमलं होतं. सरपंच बाई शांत स्वभावाच्या होत्या, पण सभा काही शांत नव्हती.

“आमच्या हातच्या भाकऱ्या मुंबैची मानसं खातील तं वाईट काय हाय?” एक बाई म्हणाली.

“नि बाटल्या कोन उचलंल? नांगर धरल्यावर काच आमच्या पायात जाते, त्यांच्या नाय,” मागून दुसरीने सुनावलं.

असं तासभर चाललं. कोणाला काम मिळणार होतं, कोणाची झोप जाणार होती. दोन्ही बाजू खोट्या नव्हत्या. सगळ्यात चिडला होता तो अर्जदाराचा शेजारी. सत्तरीकडे झुकलेला, डोंगराकडच्या वाडीतला शेतकरी. दोघांच्या जमिनीत एकच बांध होता आणि मोठ्या गाड्या त्याच बांधावरून आत घ्यायच्या असा अर्जदाराचा विचार होता. म्हातारा उठून उभा राहिला.

“माझ्या बांधावरून गाड्या घालायच्या नाय. घाल तू मांडव. बघतो कसा उभा राहतो तो.”

सभा तहकूब झाली. ठराव झाला नाही. मी वहीत म्हाताऱ्याचं वाक्य लिहून घेतलं. ही आमची सवय. सभेत तासभर शंभर गोष्टी बोलल्या गेल्या होत्या, लिहून घेतली ती तेवढी एक.

चौथ्या दिवशी दुपारी, अर्जदाराने तरीही उभारलेला मांडव जळाल्याची खबर आली. गेलो, पाहिलं, पंचनामा केला. बांबू काळे ठिक्कर, गवताची राख, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा उष्णतेने वाकलेल्या. अर्जदाराने ‘अज्ञात इसमाविरुद्ध’ तक्रार दिली. कोणावर संशय आहे का, असं विचारलं तर म्हणाला, “साहेब, मी कोणाचं नाव घेणार नाही. तुम्ही सभेत होताच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलाच एक जण ठाण्यात आला. एसटीच्या थांब्यावर त्याची पानाची टपरी. “सायेब, सोता बघितला मी. काल सकाळच्याला म्हातारा पेटती चूड घेऊन बांधावरून जात व्हता.” चूड म्हणजे गवताची जुडी. खबर देणाऱ्याला या खबरीतून काय मिळणार, हा प्रश्न आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. तो प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. मांडवाच्या कार्यक्रमांना गाड्या लावून देण्याचं काम या टपरीवाल्यालाच मिळणार होतं, हे मला नंतर कळलं.

इथे थोडं सांगायला हवं. या भागात भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, वाळक्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देतात, वरून माती पसरतात आणि ते सगळं जाळतात. याला राब भाजणं म्हणतात. त्या दिवसांत सकाळी गावातला प्रत्येक कर्ता माणूस चूड घेऊन बांधावरून जात असतो. मला हे ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असणं वेगळं.

म्हाताऱ्याला ताब्यात घेतलं तो धसईच्या बाजाराचा दिवस. ठाण्याची जीप दुसऱ्या बंदोबस्ताला गेलेली. तेव्हा त्याला एसटीने न्यायचं ठरलं आणि एसटीसाठी बाजारातून चालत जावं लागलं. हाताला दोर, दोरीचं टोक शिपायाच्या हातात. म्हातारा वर्षानुवर्षं त्या बाजारात तांदूळ आणि करटुली, शेवळं असल्या रानभाज्या विकायला बसायचा. सगळे त्याला ओळखत होते. तराजू हातात धरून लोक नुसते बघत राहिले. मला घाई होती. एसटी चुकली असती तर पुढची दोन तासांनी.

ठाण्यात मी विचारपूस केली. त्याला अरे-तुरे करत होतो. तेव्हा तशीच पद्धत होती आणि ती चुकीची आहे असं आम्हा कोणालाच वाटत नव्हतं.

“काल सकाळी चूड घेऊन कुठे गेला होतास?”

“राब लावाया.”

“मग मांडव कसा पेटला?”

मारहाण झाली नाही, दमदाटीही फार नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. उलट, न मारता मिळालेला जबाब खराच असतो असं मी धरून चाललो होतो.

“बारा वर्साचा व्हतो तवापासून राब लावतोय,” तो हळू आवाजात म्हणाला. “कधी बांधाच्या पल्याड गेला नाय. आता डोळ्यांना बरोबर दिसत नाय, सायेब. माझ्याच राबाची ठिणगी गेली असंल. दुसरी आग कुठं व्हती तिथं?”

मी लिहिलं, ‘माझ्या राबाच्या आगीने मांडव जळाला.’ त्याच्या खाली लिहिलं, ‘चार दिवसांपूर्वी ग्रामसभेत मी अर्जदारास मांडव उभा राहू देणार नाही असे म्हणालो होतो.’ दोन्ही वाक्यं त्याचीच होती. शेजारी-शेजारी ठेवली की तिसरं आपोआप तयार होतं. पोलिसांपुढचा असा जबाब न्यायालयात टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण त्याने आमचा तपास थांबायला मदत होते. खाली त्याने अंगठा दिला. मी काय लिहिलं ते वाचून दाखव, असं तो म्हणालाही नाही.

गुन्हा जामीनपात्र होता. पण जामीन राहायला गावातून कोणी आलं नाही. अर्धं गाव अर्जदाराच्या बाजूचं, उरलेलं अर्धं बाजारातलं दृश्य पाहून घाबरलेलं. म्हाताऱ्याची रवानगी कल्याणच्या तुरुंगात झाली. मी फाईल बांधली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

आमच्याकडे एक जुने हवालदार होते. आटगावकडचे, भातशेती असलेल्या घरातले. दर वर्षी या दिवसांत चार दिवसांची रजा टाकायचे. ठाण्यात सगळे त्यांची टिंगल करायचे की हवालदार साहेब लेकीच्या लग्नाला एक दिवस घेतात आणि राबाला चार. ते रजेवरून आले, फाईल वाचली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, आग किती वाजता लागली?”

“दोनच्या सुमारास.”

“म्हाताऱ्याने राब लावला सकाळी. सुकं गवत सकाळी ठिणगी धरतं आणि दुपारी पेटतं, असं होत नाही. धरलं की पाच मिनिटांत पेटतं. आणि दुपारी आपल्याकडे वारा पश्चिमेचा. मांडव पश्चिमेला, म्हाताऱ्याचं शेत पूर्वेला. ठिणगी वाऱ्याच्या उलटी गेली का?”

मी म्हटलं, मग म्हातारा स्वतःच का कबूल झाला? हवालदार म्हणाले, “साहेब, राब लावणाऱ्या माणसाला आयुष्यभर तीच एक भीती असते.”

आम्ही दोघं पुन्हा जागेवर गेलो. हवालदारांनी आधी म्हाताऱ्याचा राब बघितला. कडेने हातभर जमीन साफ केलेली, राख सगळीकडे सारखी, माती विटकरी होईपर्यंत भाजलेली. मग ते मांडवाच्या पश्चिमेला गेले. तिथे खाटेएवढा एक छोटा राब होता. मी पंचनाम्याच्या दिवशी तो पाहिला होता आणि सोडून दिला होता, कारण सगळीकडेच राब होते. हवालदारांनी उकिडवं बसून काठीने तो उकरला. वरचं जळालेलं, खालचा पाला ओलसर हिरवा.

“हा वाऱ्याच्या वरच्या अंगाने पेटवलाय. आपण खालच्या अंगाने चूड लावतो. मग आग वाऱ्याला सामोरी सावकाश सरकते आणि माती भाजते. वरून लावली की ती पळते. आणि दुपारी दोन वाजता इथलं कुणी राब लावत नाही, साहेब. वेडासुद्धा नाही.”

ते बोलत होते आणि मला माझाच पंचनामा आठवत होता. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘खुर्च्यांच्या दोन रांगा, तोंड पश्चिमेस.’ मांडवाकडे पाठ करून खुर्च्या कशाला मांडतील? त्या राबाकडे तोंड करून मांडल्या होत्या. कोणीतरी तिथे बसून राब बघत होतं.

अर्जदाराला बोलावलं. मी एकच विचारलं, “खुर्च्यांवर कोण बसलं होतं?”

तो आधी हसला, मग पाणी मागितलं, मग सगळं सांगून टाकलं. परवानगीची वाट न बघता त्याने एक चाचणी कार्यक्रम केला होता. कंपनीतले जुने ओळखीचे सात-आठ जण एका गाडीतून आले होते. त्यांना राब कसा भाजतात ते दाखवायचं होतं. “पाहुण्यांना सकाळी लवकर पोचता येत नाही, साहेब. ते जेवून दोनला मोकळे झाले. आणि मी राबाला हात लावला त्याला पंचवीस वर्षं झाली असतील. वडील लावायचे, मी बघायचो.” आग पळाली, मांडवाला लागली. पाहुण्यांना त्याने दुसऱ्या वाटेने घालवून दिलं. उन्हाच्या वेळी सगळे घरात होते. गाडी जाताना फक्त टपरीवाल्याने पाहिली आणि तो गप्प बसला. परवानगीआधी कार्यक्रम केला हे कळलं असतं तर परवानगी गेली असती.

“पण मी म्हाताऱ्याचं नाव घेतलं नव्हतं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ते खरं होतं. नाव मी घेतलं होतं.

न्यायालयात अहवाल दिला, आग अपघाती असल्याचा. म्हातारा सुटला आणि कागदांवर अंगठे द्यायला ठाण्यात आला. सहा दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता. मी उठून त्याला खुर्ची दिली.

“बाबा, तुमच्या राबाचा काही संबंध नव्हता.”

“म्हंजे तो बांधापल्याड गेला नाय?”

“नाही गेला.”

“नक्की नाय ना?”

हवालदारांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने ते दोनदा ऐकलं. तुरुंगाबद्दल, अर्जदाराबद्दल, माझ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, सुटलो.

पुढची ग्रामसभा झाली. ठराव मंजूर झाला, अटींसह. गाड्या दुसऱ्या रस्त्याने आणायच्या, स्पीकर लावायचा नाही, आणि राब दाखवायचा असेल तर सकाळीच, गावातल्या जाणत्या माणसाच्या हातून. अर्जदार भर सभेत म्हाताऱ्याच्या बायकोची माफी मागून खाली बसला. म्हातारा सभेला आला नव्हता. सरपंच बाईंनी मला विचारलं, पोलिसांना काही सांगायचंय का? मी म्हटलं, “ते प्रकरण निकाली निघालं आहे.” तेव्हा आणखी चार वाक्यं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या एका बाजाराच्या दिवशी मी धसईला बंदोबस्ताला होतो. म्हाताऱ्याच्या जागेवर त्याची बायको पाटी घेऊन बसली होती. मी विचारलं, बाबा कुठे आहेत?

“नाय येत तो.”

“का? ते तर निर्दोष सुटले.”

“ते तुमच्या कागदावं. हितं दोर लावून नेला तेवा सगल्यांनी बघितला. सोडलाव तेवा कोनाला सांगितलाव?”

तिचा आवाज चढला नाही. शेजारच्या पाटीवरची बाई दुसरीकडे बघू लागली. मला फार लाज वाटली. मी म्हटलं, पुढच्या बाजाराला मी स्वतः घरी येतो. बाबांना घेऊन एसटीच्या थांब्यापासून इथपर्यंत बरोबर चालत येतो, वर्दीवर. सगळ्यांना दिसू दे. ती म्हणाली, “सांगते त्याला.”

त्याच आठवड्यात सर्वसाधारण बदल्यांचा आदेश आला. चोवीस तासांत कार्यमुक्त, नव्या ठिकाणी तात्काळ हजर. सामान बांधायचं, पोरांचे शाळेचे दाखले काढायचे. मी गेलो नाही. कोणाला पाठवलंही नाही.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे एक शिरस्ता पाळला. चुकून आणलेला माणूस सुटला की ज्या शिपायाने त्याला आणलं त्यानेच त्याला दिवसाउजेडी, त्याच रस्त्याने घरी पोचवायचं आणि चार माणसांत सांगून यायचं. पोरं कुरकुरायची. हे कोणत्या नियमात आहे, असंही एकाने विचारलं. एवढीच माझी या प्रकरणातली कमाई, आणि ती ज्याच्या जिवावर झाली त्याला तिचा काही उपयोग नव्हता.

त्या बदलीनंतर पुष्कळ महिन्यांनी हवालदारांचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलणं झाल्यावर मी म्हाताऱ्याचं विचारलं. ते म्हणाले, “साहेब, त्या बाजाराच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसला होता. दुपारी बाजार उठला तेव्हा आत गेला.”