लोणच्याची बरणी आणि चार रिंगा

आमच्या शाळेत मोबाइलबंदी आली, तेव्हा मुलांचे फोन दिवसभर ठेवायचे कुठे यावर बैठक बसली. कुणी कपाट सुचवलं, कुणी कप्प्यांची पिशवी. मी म्हणालो, "लोणच्याची बरणी." सगळे हसले. मी मराठीचा मास्तर आणि दर वर्षीच्या संमेलनाचा हक्काचा निवेदक. लोक हसले की आपलं काम झालं, असं मानत आलेला माणूस.

पंधरा दिवसांत प्रत्येक वर्गात एक मोठी चिनी मातीची बरणी आली. प्रार्थनेनंतर फोन आत जायचे, वर फडक्याचा दादरा बांधायचा, शेवटच्या घंटेला सोडायचा. फोन एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मुलं ते पायमोज्यात घालून आणू लागली. दादरा सोडला की वर्गभर जो वास सुटायचा, त्यापुढे कुठलंही मुरलेलं लोणचं फिकं पडावं.

मग पालकसभा झाली. माझी मुलगी आमच्याच शाळेत, नववीत. शाळेत ती मला 'सर' म्हणायची, घरी 'बाबा'. घरी कधी 'सर' म्हणाली, तर मी काहीतरी चुकलो आहे असं समजायचं. बरणीचं प्रात्यक्षिक तिच्या फोनने दाखवायचं मी ठरवलं होतं, पण तिला सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं तर मजा जाते. माइकवरून नाव पुकारलं, ती आली, तिने फोन बरणीत सोडला. टाळ्या पडल्या. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. पण टाळी पडली की माझी जीभ माझी राहत नाही.

"इतरांचे फोन शेवटच्या घंटेला बाहेर येतील," मी हात उंचावून म्हणालो, "पण हिचा येणार नाही! घरीसुद्धा नाही! दहावीची परीक्षा होईपर्यंत हा असाच मुरणार!"

हे कुणी मला सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं, मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "ठीक आहे, सर." सभागृह हसून लोटपोट झालं. मी सगळ्यात जास्त हसलो.

मेन रोडवरून तिला बटणांचा फोन आणून दिला. तिचा खरा फोन दुसऱ्या बरणीत घालून घरी कपाटावर ठेवला. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला आमच्या वेळची मिस्ड कॉलची भाषा शिकवली. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे न्यायला ये. तीन म्हणजे आई चिडली आहे, येताना काहीतरी खायला आण.

"आणि चार?" तिने विचारलं.

"चार कधी लागलीच नाही."

"मग चार म्हणजे काहीच नाही. उगाच."

आणि काय सांगू, ते तीन महिने! मी शेवटच्या तासाला नववी 'ब'ला व्याकरण शिकवून शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेत बसलेला असायचो, आणि क्लासच्या वाटेवरून तिच्या चार रिंगा यायच्या. मी मोजत असायचो. चार रिंगा वाजून फोन गप्प झाला की माझा चहा गोड व्हायचा. एकदा छातीवर हात ठेवून तिला म्हणालो होतो, "दोन रिंगा दे, मी जिथे असेन तिथून निघेन."

"नाटकी," ती म्हणाली. पण तिला आवडलं होतं.

इकडे पालकसभेतल्या माझ्या भाषणाचं चित्रीकरण कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. ते फिरत फिरत कुठल्या कुठे गेलं. मला बोलावणी येऊ लागली. मालेगाव, मग कळवण. मुलांना स्मार्टफोन नको, बटणांचा फोन द्या, हे मी गावोगाव सांगू लागलो आणि प्रत्येक भाषण माझ्या स्मार्टफोनवर टिपू लागलो. तिपाई घेतली, कॉलरला लावायचा माइक घेतला. जेवताना लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसायचो. एकदा तिने भाताचं पातेलं पुढे सरकवत विचारलं, "बरणी आणू का, सर?" मी हसलो. वाक्य झकास होतं. पुढच्या भाषणात मी ते वापरलंही.

कळवणला मी ऐन रंगात असताना तिच्या चार रिंगा आल्या आणि चित्रीकरण मध्येच तुटलं. पुढचा कार्यक्रम निफाडला होता. तिथे मी फोन आधीच विमान मोडवर टाकला.

तो जानेवारीतला रविवार होता. तिचं आणि पाच मैत्रिणींचं शुक्रवारी वर्गात ठरलं होतं: रविवारी नऊला पांडवलेणीच्या पायथ्याशी जमायचं, वर चढायचं, डबा खायचा. थालीपिठं तिने स्वतः थापली, सहा जणींना पुरतील इतकी. मी तिला पायथ्याशी सोडलं आणि तसाच निफाडला गेलो.

निफाडचा कार्यक्रम मी गाजवला. मैदान भरलेलं. मी रिंगांची गोष्ट सांगितली. एक म्हणजे काय, तीन म्हणजे काय. चारला बायकांनी डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणालो, "आणि दोन रिंगा आल्या, की हा बाप हातातलं सगळं टाकून निघतो!" केवढी टाळी! खाली उतरल्यावर एक द्राक्षबागायतदार आजोबा हात धरून म्हणाले, "लय भारी बोलले सर. माझ्या नातीलाबी बटनाचाच घेतो आता."

गाडीत बसून फोन चालू केला. कंपनीचा संदेश आला: फोन बंद असताना या नंबरवरून सात कॉल आले होते. नंबर तिचा. लगेच लावला, तिने उचलला नाही. पहिला साडेदहाचा, शेवटचा बारा वाजायला आले तेव्हाचा.

घरी पोचलो तर ती टेबलाशी बसली होती. डबा समोर. आई लग्नाला मालेगावला गेलेली, घरात दोघंच.

"काय झालं?"

"काही नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर बदललं. सोमेश्वरला गेल्या सगळ्या."

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"सगळ्यांना वाटलं कुणीतरी सांगितलं असेल. दोघींचे नंबर होते माझ्याकडे, पण माझा हा नंबर त्यांच्याकडे नाही ना. अनोळखी नंबर कोण उचलतं?"

"मग मला दोन रिंगा..."

"जातच नव्हती रिंग." ती शांतपणे सांगत होती. "एक बाई सांगायची, फोन बंद आहे. आधी हिंदीतून, मग इंग्रजीतून, मग मराठीतून. सात वेळा ऐकलं तिचं. शेवटी बसने आले."

"आईला करायचास."

"आई तुला ओरडली असती."

कॉलरचा माइक अजून तसाच होता, तो काढून मी खिशात टाकला.

"थालीपिठं उरलीत," ती उठत म्हणाली. "खाऊन घ्या, सर." तिने मला कधी 'घ्या' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपाटावरची बरणी खाली काढली. फोन चार्ज करून तिच्यापुढे ठेवला.

"परीक्षा व्हायचीय अजून. तू सगळ्यांसमोर बोललायस."

"मी शब्द मागे घेतो."

"घे. मला नकोय पण. सवय झाली." खोटं बोलत नव्हती, तेच तर वाईट होतं. त्या फोनमधून तिला ज्यांच्याशी बोलायचं होतं त्या मैत्रिणी आता तिला तितक्याशा हव्या नव्हत्या. त्यांच्यात मीही आलो.

बटणांच्या फोनचा काही दोष नाही. तो बिचारा सातही वेळा चालू होता. बंद माझा होता.

पुढची निमंत्रणं मी नाकारली. निफाडचं भाषण मात्र अजून फिरतं आहे. अनोळखी लोक तेच मला पाठवून कळवतात, सर, हे जरूर पाहा. माझा फोन आता कायम चालू असतो, मोठ्या आवाजात, वर्गातसुद्धा. मुख्याध्यापिकाबाई एकदा म्हणाल्या, "सर, अहो, नियम तुमचाच ना?" मी मान डोलावली आणि फोन खिशात तसाच ठेवला.

क्लासला पोचली की ती न चुकता एक रिंग देते. पोचले. तेवढीच. दोन नाहीत. चारही नाहीत. चार आल्याला वर्ष होत आलं.

परवा राहवलं नाही. ती क्लासच्या वाटेवर असेल असा अंदाज घेऊन मीच तिला चार रिंगा दिल्या आणि फोन ठेवला. लगेच तिचा फोन आला.

"काय झालं? कुणाला बरं नाही का?"

"नाही गं. चार दिल्या."

"चार म्हणजे?"

"उगाच."

पलीकडे रिक्षाचे आवाज येत राहिले. मग ती म्हणाली, "क्लास सुरू होतोय, सर. ठेवते."