सायकसची हजामत

पिकल्या जांभळांचा वास आला की मला अहेरीच्या आमच्या घरासमोरची ती हातभर मोकळी जागा आठवते. तिथे बायकोला जांभूळ लावायचं होतं आणि मला नर्सरीतला शोभेचा सायकस. "जांभूळ लावलं का गावभरचे लोक मांडवासाठी डहाळ्या मागायले येतीन. सायकसले कोणी हात लावत नाई," मी ऐटीत सांगितलं आणि जिंकलो. सायकस कारंज्यासारखा फुलला. मग शेजारी लग्न निघालं. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या पडल्या, पण गेट झोकदार हवं म्हणून नवरीची आई विळा घेऊनच आमच्या दारात आली. "भाऊ, तुमच्या झाडाची पानं लय शोभतीन जी." लग्नघराला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. घटकाभरात सायकसचा नुसता बुंधा उरला. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे. "आता जोडी शोभून राह्यली," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सायकसशेजारी उभी असायची ती माझी स्कूटर उन्हात काढून तिने त्या जागी जांभूळ लावलं. आता इतक्या वर्षांनी मी त्याच जांभळाच्या सावलीत बसून जांभळी जीभ घेऊन हे लिहितोय. सायकसला केव्हाच नवी पानं फुटली. माझं डोकं अजून विचारात आहे.