ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पहिला नंबर

ठाकुर्लीची आमची शेजारीण दर्शना मोबाइलवरच्या लग्नपत्रिका बनवते. नावं ती मार्कडाउनमध्ये लिहिते, म्हणजे साध्या मजकुरात प्रत्येक नावाआधी एक चांदणी. त्याचं सजवलेलं वेबपान तिचा प्रोग्राम करतो. यादी ‘किलबिल’ची असेल तर फुगे, ‘निमंत्रकां’ची असेल तर पहिल्या नावाला सोन्याचा मुकुट, बाकीच्यांना ठिपके. इतकी शहाणी मुलगी, पण हा मुकुट तिला कुठून सुचला कोण जाणे!

कोलशेतच्या कल्पिताचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम दर्शनाकडे आलं. वडील ती लहान असतानाच गेले. आई तुळसाबाईंनी जेवणाचे डबे करून तिला इंजिनियर केलं. तेवढ्या काळात काकांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या. कल्पिताचा एकच हट्ट होता: निमंत्रकांत पहिलं नाव आईचं.

थोरले काका काळुरामशेठ भडकले. “माजं नाव पयलं नसंल त मी हलदीला येनार नाय!” धाकट्या दोघांनीही तोच सूर लावला. काकांशिवाय हळद झाली तर लोक तोंडात शेण घालतील, या भीतीने तुळसाबाईच म्हणाल्या, “जाव दे गो बाय, माजं नाव काढ.” कल्पिता रडली. मला विचाराल तर त्या तिघांना बोलावूच नये असं माझं मत होतं.

दर्शनाने मात्र यादीला एक अट घातली. तिन्ही काकांना वेगवेगळी लिंक. ज्याची लिंक, त्याचं नाव वर, मुकुटासकट. बाकी सगळ्यांना तुळसाबाई पहिल्या. काळुरामशेठनी आपला मुकुट पाहिला आणि खूश झाले. धाकटेही खूश. स्वतःचं नाव वर दिसल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलात डोकावायची गरज कोणालाच वाटली नाही. आणि पाहुणे काय, पत्रिकेत फक्त जेवणाची वेळ बघतात.

हळदीला डीजेवाल्याने हौसेने पत्रिका मोठ्या पडद्यावर लावली. मुकुटाखाली नाव झळकलं: श्रीमती तुळसाबाई.

“पडदा बिगडलाय! माज्या मोबाइलवर बगा!” काळुरामशेठ उठून गरजले.

“तुजा मोबाइल बिगडलाय, खरं माज्यान हाय!” धाकट्यांनी आपापले मोबाइल नाचवले. भावाभावांत जुंपली. खरा मुकुट कोणाचा हे ठरवायला अख्खी भावकी त्यांच्याभोवती गोळा झाली.

डीजेवाला घाबरला. “ताई, बंद करू काय?” त्याने कल्पिताला विचारलं.

उत्तर तुळसाबाईंनी दिलं. “राव दे.” आणि पहिल्या रांगेतल्या काळुरामशेठच्या खुर्चीत त्या जाऊन बसल्या.