कुलूपताईनं साहेबांना दोनदा जिने चढवले

आमच्या इमारतीत बातमी अशी होती, की सहाव्या मजल्यावरच्या कुलूपताईनं नोकरी सुटताना कंपनीचा पासवर्ड पदरात बांधून आणला आणि घरबसल्या तिथलं सगळं काम बंद पाडलं. बातमी तळमजल्यावरून निघाली आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर तिला मिशा फुटल्या होत्या. खरं एवढंच, की ताईनं येताना आणलं ते कुंडीतलं एक मरतुकडं रोपटं आणि स्वतःचा कप. बंद पाडलं ते तिच्या साहेबांनी, स्वतःच्या हातानं. ताईनं फक्त बघितलं. पण चवीचवीनं बघितलं.

मी तिच्या समोरच्याच दारात राहते, त्यामुळे माझी माहिती पक्की. बाहेर पडताना ती कुलूप लावते, ओढून बघते, जिना उतरते आणि परत वर येऊन ओढून बघते, म्हणून ती कुलूपताई. तिचा नवरा म्हणतो, "आमच्याकडे चोर आला तर बिचारा कंटाळून जाईल."

ती कामाला होती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. कुठली लिफ्ट अडकली, कुठला मेकॅनिक कुठे आहे, हा सगळा डेटाबेस तिच्या ताब्यात. तो कंटेनर नावाच्या एका बंद डब्यात चालतो म्हणे. बाजारात मिळतो तो डबा साधा. त्याला नावं-पत्ते कळतात, अंतर कळत नाही. ताईनं त्यात एक एक्स्टेन्शन, म्हणजे अंतर मोजणारा जादा भाग, बसवून स्वतःचा डबा तयार केला होता. अडकलेल्या लिफ्टच्या सगळ्यांत जवळ कोण आहे, हे तो चुटकीसरशी सांगायचा. आणि पासवर्ड डब्याच्या फाइलीत कधीच लिहायचा नाही, वेगळ्या सीक्रेट फाइलीत ठेवायचा, हा तिचा हट्ट. डबा कुणाच्याही हाती जातो, किल्ली जाता कामा नये.

एकदा साहेबांना घाई झाली. बड्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचं होतं. ताईच्या नकळत त्यांनी पासवर्ड सरळ डब्याच्या फाइलीत लिहिला आणि फाइल बाहेरच्या लोकांना धाडली. बोभाटा झाला. भर मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "पासवर्ड सापडला ती फाइल यांच्याकडे असते." लिहिला कुणी, ते काही सांगितलं नाही. ताई म्हणाली, "मी लिहिला नाही," तर सगळे टेबलाकडे बघत बसले.

त्यापायी नोकरी गेली, त्याचं तिला फार दुःख नव्हतं. पण आता जिथे जाईल तिथे आधी हाच प्रश्न, की पासवर्ड उघड्यावर टाकणारी ती तुम्हीच का? जन्मभर कुलपं ओढून बघणाऱ्या बाईवर हा आळ.

"त्याच माणसांसमोर त्यांच्या तोंडून खरं वदवून घेईन, तेव्हाच गप्प बसेन," भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली. देठ अशी मोडत होती, की मी माझी बोटं बाजूला घेतली.

मग साहेबांनी साफसफाई काढली. ताईचा हात लागलेला डबा फेकला, बाजारातला कोरा आणला, सीक्रेट फाइलीत नवा पासवर्ड लिहिला. माहिती मात्र जुनीच जोडली. इथेच गाडं अडलं. डेटाबेस फाइलीतला पासवर्ड ऐकतो तो फक्त जन्मताना, पोट रिकामं असताना. पोटात जुनी माहिती असली, की जुनाच धरून बसतो. म्हणजे नवी किल्ली खुंटीला टांगली आणि दाराला कुलूप तेच. अख्ख्या कंपनीला काही उघडेना. त्यातच आमची लिफ्ट बंद पडली, आणि ती याच कंपनीकडे.

त्यामुळे साहेब आले ते जिन्यानं. दारात पोचले तेव्हा त्यांच्यात फक्त शर्ट उरला होता. मी साखर मागायला म्हणून आत शिरले.

"किल्ली लागत नाहीये," साहेब म्हणाले.

"लागणार नाही."

"अहो, पासवर्ड बदललाय आम्ही."

"फाइलीत बदललाय. डेटाबेसला कुणी सांगितलं? आधी मीटिंग बोलवा आणि खरं काय ते सांगा."

"ते मग बघू. तेवढं कुलपाचं सांगा."

"कुलपाचंच ना?"

"तेवढंच."

ताईनं शांतपणे सांगितलं. कंटेनरच्या आत शिरायचं आणि तिथून पासवर्ड बदलायचा, एका ओळीचं काम. साहेब उड्या मारत उतरले.

"अगं, असं फुकट सोडलंस त्यांना?" मी म्हटलं.

"सोडलं कुठे? येतील परत." आणि तिनं खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. साखर काही दिली नाही.

दार उघडलं, पण कोऱ्या डब्याला अंतर कळेना. जवळचा मेकॅनिक विचारला, की डबा अडून बसायचा. माणसं फोन फिरवून मेकॅनिक शोधू लागली. शहरभर लिफ्ट लटकल्या, आमचीही तशीच.

साहेब परत चढून आले. या वेळी ताईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "फोन लावा. त्या मीटिंगला होते ते सगळे दिसले पाहिजेत."

लावला. चेहरे जमले. साहेब पुटपुटले, "पासवर्ड फाइलीत मी लिहिला होता. यांना माहीत नव्हतं."

"मागच्यांना ऐकू आलं नसेल," ताई म्हणाली.

साहेबांनी मोठ्यानं परत सांगितलं. कुणीतरी त्या बाजूला खोकलं. मग ताईनं सांगितलं, की एक्स्टेन्शनवाला डबा कसा बांधायचा ते कंपनीच्याच जुन्या फाइलींत आहे. तो बांधा, त्याच माहितीला जोडा, झालं.

साहेब घाम पुसत म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगता आलं असतं की तुम्हाला. सहा मजले परत चढायला लावलेत."

ताई म्हणाली, "तुम्ही कुलपाचं विचारलंत, मी कुलपाचं सांगितलं. त्या मीटिंगमध्ये तुम्हीही अर्धंच सांगितलं होतंत."