टाकेसर आणि निळं पाणी

त्या सर्जनना अख्खं हॉस्पिटल टाकेसर म्हणायचं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. त्यांनी शिवलेल्या आतड्यातून पाणी काय, हवासुद्धा बाहेर पडायची नाही. पण हात शिवशिवायचे ते घरीसुद्धा! उशी उसवली, काढ सुई. पडदा फाटला, काढ सुई. एकदा तर सोललेलं केळं परत सालीत शिवून ठेवलं.

"अहो, आता हे खायचं कसं?" बायकोने विचारलं.

"आठ दिवसांनी टाके काढून," सर म्हणाले.

अशा माणसापुढे हॉस्पिटलाने लेसर आणून ठेवला. सुई नाही, दोरा नाही. चिरेवर पातळ पट्टी ठेवायची, वरून लेसर फिरवायचा, ऊब लागली की पट्टी आतड्याला घट्ट चिकटते. आणि शिकवायला कोण, तर सरांचीच जुनी विद्यार्थिनी!

"सर, परीक्षा द्यावी लागेल," ती म्हणाली. "खाटकाकडचं आतडं आणलंय. चीर बंद करायची, मग आत निळं पाणी भरायचं. गळलं, तर तुम्हाला ऑपरेशन थिएटर बंद."

म्हणजे उरलेली नोकरी बाहेर ओपीडीत बसून लोकांची पोटं दाबायची!

पण पट्टी त्यांनी अशी सुरेख बसवली म्हणता! ती पाणी आणायला वळली. तेवढ्यात सरांना वाटलं, असू द्यावा एक टाका, आपला मनाच्या समाधानासाठी. जित्याची खोड, दुसरं काय! घाईघाईत पट्टीच्या कडेला घातलाच एक. पाणी भरलं, पट्टी कोरडी ठणठणीत, आणि टाक्याच्या भोकातून निळी चिळकांडी थेट सरांच्या नाकावर.

"पट्टी पास, सर. टाका नापास," ती हसू दाबत म्हणाली. "उद्या शेवटची संधी."

हात दाखवून अवलक्षण! रात्रभर सरांचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी चिकटली तशी सरांनी सुई तिच्या हातात दिली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मांडीखाली बोटं नुसती वळवळत होती. पाणी भरलं. आतडं टम्म फुगलं. पट्टी जागची हलली नाही.

"अगं, मी शिवलं नाही, तरी धरलं की गं!" सरांचा आवाज फुटला. डोळ्यांवरचा लेसरचा गॉगल त्यांनी वर सरकवला आणि वाकून बघायला गेले, तर टेबलावर टपकन थेंब पडला.

"गळलं! गेलं माझं थिएटर!" सर किंचाळले.

तिने थेंब बोटाने पुसला, उजेडात धरला. निळा नव्हता.

"आतडं नाही हो, सर," ती म्हणाली, "तुम्ही गळताय."