पिंपळनेरची रद्द बस
डिझेलचा धूर नाकात गेला की मला धुळ्याचं बसस्टँड आठवतं. लग्नाला पिंपळनेरला निघालो होतो आणि बस येईना, म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, शेंगदाणेवाल्याला विचारलं, "बस रद्द तर नही व्हयनी?" त्याने रसवंतीवाल्याला विचारलं, त्याने हमालाला, आणि वाटेत कुठेतरी प्रश्नाची बातमी झाली. हमालच नानांना सांगत आला, "नाना, बस रद्द शे. बठ्ठा सांगी राह्यनात." सगळेच सांगताहेत म्हटल्यावर बाकीचे प्रवासी पिशव्या उचलून गेले. तेवढ्यात पिंपळनेरची पाटी लावलेली बस समोर येऊन उभी राहिली. मी चढलो, नाना खालीच. "नाना, चला!" मी ओरडलो. "बठ्ठा लोके खोटं बोलतस का?" म्हणत त्यांनी मलाच वेड्यात काढलं. हल्ली एकच बातमी मोबाईलवर दहा ग्रुपांत आली, की मला रिकाम्या बसच्या खिडकीतून नाना दिसतात, माझी कीव करत उभे.