दुपारचा काळोख

फोनवर लेक दिसत होती. तिच्या मागची खिडकी काळी होती. "किती वाजले गं तिकडे?" मी विचारलं.

"दुपारचे साडेतीन. स्टॉकहोमला हिवाळ्यात असंच असतं, आई."

मला त्या काळोखाचं काही वाटलं नाही. तिचे बाबा श्रावणात गेले, तेव्हापासून मला दुपार आणि संध्याकाळ सारखीच. जेवायची वेळ झाली की जेवते. कोणी हाक मारली की ओ देते.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तिला आता प्रवास झेपणार नाही, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं. "डिंक-अळीव आण, पण पोतं नको. विमानतळावर म्हणतील, बाई दुकान टाकायला आली," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाबांचं धोतर आणशील? दुपट्याला."

आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजोबांच्या जुन्या धोतराचं असतं. धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं.

"गेलेल्या माणसाचं चालत नाही म्हणतात," मी म्हणाले.

"मला चालतं. आणि तिकीट कधी काढू? महिनाभर नुसतं बघू म्हणतेस."

आज पेटी उघडली. धोतर फाडलं की माणूस खरंच गेला, असं मनात धरून बसले होते बहुतेक. काठाला कात्री लावली आणि सरळ फाडत नेलं. रडू येईल म्हणून थांबले. आलं नाही. मग लेकीला फोन लावून सांगितलं, तिकीट काढ.

"आई, रडतेयस का?"

"नाही गं. टीप घालतेय."